सतरा कोनांचा तारा

३ ऑक्टोबर, सोमवार

नवं काम, नवी वही. उजव्या पानावर नक्षी आणि डाव्या पानावर दिवसभराच्या चार ओळी, ही माझी पहिल्यापासूनची पद्धत. आज नक्षी नाही, म्हणून दोन्ही पानं माझीच.

तेत्वानहून सकाळची बस धरली आणि तिसऱ्या प्रहरी फेसला उतरले. वाटेत डोंगरात बस तासभर बंद पडली. ड्रायव्हर खाली उतरून इंजिनाला शिव्या देत होता आणि माझ्या शेजारची म्हातारी खिडकीतून त्याला सांगत होती की बाबा, बायकोशी बोलतोस तसं तिच्याशी बोलू नकोस, ती अजिबात हलायची नाही. सगळी बस हसली. मीही हसले. हसून झाल्यावर लक्षात आलं की मी हसले.

घर आवडलं. गल्ली इतकी अरुंद की माझी लांब पट्ट्यांची पेटी आडवी धरून चालता येईना. घराच्या मालकीण लाल्ला बतूल सत्तरीच्या पुढच्या आहेत, एक पाय ओढत चालतात. दारातच मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून त्यांनी विचारलं, तेत्वानात दुष्काळ पडलाय का गं? मग हरिरा सूपचा मोठा वाडगा, खजूर आणि गरम पाव पुढ्यात ठेवून, वाडग्याचा तळ दिसेपर्यंत समोरून हलल्या नाहीत.

काम असं आहे. अंगणाच्या उत्तरेकडच्या भिंतीवर, कोरड्या हौदाच्या मागे, लाल्लांच्या भावानं, सी थामींनी, चाळीस वर्षांपूर्वी रंगीत फरश्यांची नक्षी केली होती. ती अर्धी राहिली आणि पुढे तिच्यावर चुना थापला गेला. आता लाल्लांचा मुलगा ब्रसेल्सहून येऊन इथे पाहुण्यांसाठी खोल्या काढणार आहे. त्याला ती भिंत उघडी आणि पुरी हवी. मी नक्षी कागदावर उतरवायची आणि गेलेला भाग काढून द्यायचा. फरश्या कापायला आणि बसवायला इथले उस्ताद मालम बूअझा येतील.

मला वरची खोली मिळाली आहे. खिडकीतून अंगण दिसतं, अंगणात कडू संत्र्याचं झाड आहे. इथल्या कुठल्याच वाऱ्याला समुद्राचा वास नाही. बरं झोपायला मिळेल असं वाटतं.

५ ऑक्टोबर, बुधवार

मालम बूअझा साठीचे आहेत. बोटं अशी की जणू झाडाची मुळं. आल्या आल्या त्यांनी मला सुनावलं की तुम्ही तेत्वानचे लोक माती ओली असतानाच कापता, लोणी कापल्यासारखी. भाजलेली फरशी हातोडीनं कापून दाखव, मग तुला कारागीर म्हणू. मी म्हटलं, आम्ही डोकं आधी चालवतो, म्हणून हातोडी कमी लागते. ते इतके हसले की खोकला आला. जमेल आमचं.

दोन दिवस चुना खरवडतोय. आतून जे निघालं ते पाहून मालम पण खरवडायचे थांबले. सोळा कोनांचे तारे, प्रत्येकाभोवती बदामाच्या आकाराच्या पाकळ्यांचं कडं, एका ताऱ्यातून निघालेली रेघ तिसऱ्या ताऱ्यात जाऊन पोचते आणि कुठेही अडखळत नाही. पांढरा, काळा, हिरवा, मधाच्या रंगाचा पिवळा आणि अगदी थोडा निळा. हौदाच्या वर हातभर रुंदीची जागा रिकामी आहे. तिथल्या फरश्या कधीच बसल्या नव्हत्या. तोच आमचा भाग.

एक गोष्ट खटकली. भिंतीला चौकट नाही. तेत्वानच्या शाळेत मी मुलांना नक्षी शिकवायचे, तेव्हा सांगायचे की चौकट म्हणजे डोळ्याला दिलेली सुट्टी. नक्षी तिच्यापुढेही चालूच असते, आपण फक्त पाहायचं थांबतो. सी थामींनी डोळ्याला सुट्टीच दिलेली नाही. डावीकडे नक्षी कोपऱ्यापर्यंत जाते आणि कोपऱ्याच्या आत शिरते. अजून तिथला चुना काढायचा आहे.

लाल्ला बतूल अंगणात बसून मटार सोलतात, पण भिंतीकडे पाठ करून. मी त्यांची खुर्ची वळवायला गेले तर म्हणाल्या, राहू दे पोरी, मला असंच ऊन सोसतं. ऊन तर समोरून येत होतं.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

सुट्टी. लाल्लांनी कुसकुस केला आणि मालमना पण बोलावलं. जेवण झाल्यावर मालम गेले आणि लाल्ला आपण होऊन भावाबद्दल बोलल्या. सी थामींना एकच मुलगी होती, घीता, सहा वर्षांची. तापानं आठ दिवसांत गेली. दफन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी ही भिंत सुरू केली. लाल्लांना वाटलं, दुःखातला माणूस आहे, हाताला काम बरं. पुढे काय झालं ते मी विचारलं. तो गेला, एवढंच म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून विचारलं, आणि तुझं कोण गेलं?

इतकं सरळ मला कोणी विचारलं नव्हतं. मीही सरळ सांगितलं.

आता इथेही लिहिते, कारण या वहीत खोटं लिहिलेलं चालणार नाही. नौफल, माझा मुलगा. सोळा पुरे होऊन सतरावं लागायला तीन आठवडे होते. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये समुद्रावर दाट धुकं पडलं, आणि तेत्वानजवळच्या फनीदकच्या किनाऱ्यावरून पोरांनी पाण्यात उड्या घेतल्या, पलीकडे परक्या देशाच्या हद्दीतल्या सेब्त्याला पोहत जायला. त्यांत तो होता. काही पोचले, काही परत आणले गेले. तो दोन्हींत नाही. सकाळी मी त्याच्या खोलीत चहा घेऊन गेले आणि गादी नीट घडी केलेली होती. त्यानं जन्मात कधी गादी घडी केली नव्हती.

चार महिन्यांनी अब्दस्सलामनं, माझ्या नवऱ्यानं, मशिदीत त्याच्या नावानं गायबाना नमाज पढवून घेतली. शव नसताना पढतात ती. लोक सांत्वनाला आले. मी दार लावून घेतलं. नवऱ्याला म्हटलं, तू पुरलंस त्याला, मी नाही पुरलं. त्यानंतर आम्ही एका घरात राहतो एवढंच.

लाल्लांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझा हात बराच वेळ धरून ठेवला. मग म्हणाल्या, हे काम लवकर उरकून घरी जा.

१० ऑक्टोबर, सोमवार

डावीकडच्या कोपऱ्यातला चुना काढला. नक्षी कोपरा वळून पुढे गेली आहे, आणखी तीन तारे. मालमना सी थामींचं काम नवं नाही. तरुणपणी ते त्यांच्याच हाताखाली होते, हे त्यांनी मला आज सांगितलं. पण हे तीन तारे त्यांच्या आठवणीत नाहीत. फरश्यांची झिलई ताजी आहे. मी बोट फिरवलं तर ओलं लागलं. सहज बोट जिभेला लावलं. खारट.

मालम म्हणाले, चुन्यात क्षार असतात. असतात, मलाही ठाऊक आहे.

दुपारच्या नमाजाला ते गेले आणि मी एकटी माप घेत होते. भिंतीमागून हातोडीचा आवाज आला. टक टक, थांबून टक. फरशी कापतानाचा आवाज मी झोपेतही ओळखेन. शेजारीही काम चाललंय असं समजून मी संध्याकाळी लाल्लांना विचारलं, शेजारी कोण राहतं. त्या बाजूला शेजार नाही, म्हणाल्या; भिंतीमागे टेकडीची माती आहे.

१२ ऑक्टोबर, बुधवार

रिकाम्या जागेचा नकाशा पुरा झाला. मधोमध एक सोळा कोनांचा तारा, भोवती पाकळ्या, चारी बाजूंनी जुन्या नक्षीला मिळणारे तुकडे. मालमनी तुकडे कापले, दोनशे चौदा. आज त्यांनी ते जमिनीवर मांडले. फेसच्या पद्धतीप्रमाणे पालथे, रंग खाली आणि मातीची पाठ वर. मांडताना कुठला तुकडा कुठल्या रंगाचा ते दिसत नाही, सगळं हातांना पाठ असावं लागतं. मी नकाशा धरून शेजारी बसले आणि एकेक तुकडा तपासला. मधला तारा मी स्वतः मोजला. सोळा.

मग पाठीवर गिलावा ओतला. उद्या वाळला की उचलायचा. मालम मजेत होते. म्हणाले, तेत्वानवाली, उद्या तुझी नक्षी मी पहिल्यांदा पाहणार आणि तू माझा हात. दोघांपैकी एकाचं नाक कापलं जाणार.

भिंतीमागे दुपारी आवाज होता. मालम नमाजाला गेले होते. त्यांना सांगितलं नाही.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

गिलावा वाळून सगळे तुकडे एकसंध झाले होते.

दोघांनी मिळून तुकडा उचलला आणि भिंतीला टेकवून उभा केला. मालमनी ओल्या फडक्यानं तो पुसला. पुसता पुसता त्यांचा हात थांबला. कडेचे तुकडे बरोबर होते. मधला तारा सोळा कोनांचा नव्हता. मालमनी बोटानं मोजलं, मग मी. सतरा. सतरा कोनांचा तारा या नक्षीत बसतच नाही, शेजारच्या सोळा कोनांच्या ताऱ्यांशी त्याच्या रेघा जुळत नाहीत. तो बसला होता, कारण एक बदाम अंग आवळून अरुंद झाला होता. आणि तारा सगळा निळा होता. आम्ही निळा तुकडा एकही कापला नव्हता.

मालम म्हणाले, पंचेचाळीस वर्षं हे करतोय मी.

त्यांना जे माहीत नाही ते असं. नौफलला कंपास मी हातात दिला तो पाचव्या वर्षी. जायच्या आधी नऊ दिवस तो स्वयंपाकघरात बसून सतरा कोनांचा तारा काढत होता, सतरावं लागणार म्हणून. मी म्हटलं, बाळा, हा बसणार नाही. तो म्हणाला, "यम्मा, एक बदाम जरा अंग चोरून बसेल. बाकीचे सोळा कशाला तक्रार करतील?" मी चिडले, की अशानं कारागिरी होत नाही, फसवणूक होते. कागद चुरगळून मी चुलीत टाकला. तो कागद जगात आम्ही दोघांनीच पाहिला होता.

तोच बदाम आहे. खाली, डाव्या हाताला, पाचवा.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

मालम आज कामाचा दिवस नसूनही आले. आत आले नाहीत, दारातच उभे राहिले. म्हणाले की सी थामींबरोबर मी होतो. त्यांनीही एक दिवस असाच तुकडा उचलला, आणि त्यात घीताच्या ओढणीचा रंग होता, जो रंग कोणत्याच भट्टीत होत नाही. त्या दिवसापासून ते जेवायचे नाहीत, घरी जायचे नाहीत, भिंतीशी बोलायचे. तोंडावर असा आनंद की बघवेना. एका दुपारी मी नमाजाहून आलो तर ते नव्हते. पुढच्या दारातून लाल्ला बतूलनी त्यांना जाताना पाहिलं नव्हतं, आणि या घराला दुसरं दार नाही. आठवडाभर आतून दोन हातोड्या वाजत होत्या.

मी विचारलं, हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत? मान खाली घालून म्हणाले, चाळीस वर्षं झाली, मला वाटलं ते माझंच वेड होतं. मग म्हणाले, पोरी, सामान बांध, मी बसपर्यंत सोडतो. मी नाही म्हटलं. त्यांनी आपली हातोडीही नेली नाही.

त्यांना भीती वाटली. मला वाटत नाही. हेच लिहायचं होतं. मला चौदा महिन्यांत इतकं बरं वाटलेलं नाही.

१६ ऑक्टोबर, रविवार

हौदाच्या मागे, खाली, दोन फरश्या सैल आहेत. काढल्या. मागे माती नाही. पोकळी आहे, एखाद्या पोराचे खांदे जातील एवढी. दिवा धरला. आत सगळीकडे नक्षी आहे. बाजूंना, वर, खाली. सगळे तारे निळे, आणि प्रत्येकात एक बदाम आवळलेला. किती खोल जाते ते दिसत नाही. आतून वारा येतो, त्याला आमच्या किनाऱ्याचा वास आहे.

आम्ही मायलेक एक खेळ खेळायचो. कागदावर अर्धी नक्षी मी काढायची, घडी घालून त्याला द्यायची, उरलेली अर्धी त्यानं. आज एक कागद घेतला. अर्धा तारा काढला. घडी घालून पोकळीत सरकवला.

१७ ऑक्टोबर, सोमवार

कागद परत आला. दुपारी, आवाज थांबल्यावर. हौदाच्या कठड्यावर ठेवलेला. ओला.

पुरा केलाय. तो रेघ काढताना टोकाशी पेन्सिल जरा दाबतो, तिथे कागदाला खड्डा पडतो. खड्डे आहेत. प्रत्येक टोकाला. मी बोट फिरवून पाहिलं. दिवसभर तेच केलं.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

अब्दस्सलामचा फोन. पलीकडे सेब्त्याच्या कब्रस्तानात एक नंबरी कबर आहे. गेल्या वर्षीच्या ऑगस्टमधल्या धुक्यानंतर तिसऱ्या दिवशी सापडलेला मुलगा, उंची आणि वय जुळतं. बेपत्ता मुलांच्या आईबापांनी जी संस्था काढली आहे तिच्यामार्फत त्यानं महिन्यापूर्वीच स्वतःचं रक्त तपासायला दिलं, मला न सांगता. दोन-चार दिवसांत कळेल. तू ये, म्हणाला, निकाल एकट्याला ऐकवणार नाही मला.

मी सांगितलं, मला काम आहे. तो म्हणाला, "एवढं काय काम आहे तुझं?" मी सांगितलं नाही. त्याला सांगितलं तर तोही येईल आणि मग मला वाटून घ्यावं लागेल.

हे वाक्य मी लिहिलं. खोडत नाही. असंच वाटलं मला.

२० ऑक्टोबर, गुरुवार

अकरा कागद. अकराही परत.

लाल्ला बतूल जेवण ठेवतात, उचलून नेतात. काल वर आल्या होत्या. मी त्यांना कागद दाखवले. बघितले नाहीत. म्हणाल्या, "तो काही बोलला का?" मी म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, "बोलेल."

पोकळी मोठी झाली आहे. माझे खांदे जातील. मोजलं नाही — दिसतंच.

२२ ऑक्टोबर, शनिवार

अब्दस्सलाम. सकाळी नऊ वाजता.

तोच आहे. रक्त जुळलं. सेब्त्याच्या कबरीत नौफल आहे.

अब्दस्सलाम तुटक सांगत होता. पोहायच्या रबरी पोशाखाच्या बाहीत प्लास्टिकची पुडी शिवलेली होती. आत कागद. त्यावर एक फोन नंबर असावा, शाई विरघळून गेली होती, शेवटचे दोन आकडे उरले होते. चार आणि सात. अब्दस्सलामचा नंबर चार-सातनं संपतो. पुडी पांढऱ्या धाग्यानं शिवली होती, वेडीवाकडी. म्हणजे त्यानं माझ्या डब्यातून सुई घेतली होती. मला उठवलं असतं तर मी नीट शिवून दिली असती, पाणी गेलं नसतं आत. उठवलं असतं तर मी जाऊच दिलं नसतं, म्हणून नाही उठवलं.

चौदा महिने तो तिथे आहे. नंबराखाली. बाप त्याच्यासाठी नमाज पढत होता आणि मी त्या बापाशी बोलत नव्हते.

अब्दस्सलाम उद्याच्या बसनं मला न्यायला येतोय. दोघं मिळून कबरीवर जायचं. मी हो म्हटलं. खूप वेळ रडलो, फोनच्या दोन टोकांना. तो म्हणाला, रड, आता रड.

आणि खाली अंगणात हातोडी वाजत होती. टक टक, थांबून टक.

२३ ऑक्टोबर, रविवार, सकाळ

आत जे आहे ते नौफल नाही.

खात्री करून घेतली. काल संध्याकाळी एक कागद सरकवला, पूर्ण कोरा. नौफलनं कोऱ्या कागदावर काय केलं असतं ते मला माहीत आहे. माशीचं चित्र काढलं असतं आणि खाली लिहिलं असतं, यम्मा, जेवायला काय आहे. सकाळी कागद परत होता. सोळा कोनांचा तारा, नीट, स्वच्छ, एकही बदाम न आवळता. रेघा माझ्या. मी वळणावर कंपास किंचित उचलते, तो तुटका ठिपकाही माझा. ते माझा हात शिकलंय.

आता अब्दस्सलाम येईल. मी नसले तर तो मला शोधेल. आणि भिंत त्याला माझा हात दाखवेल.

लाल्ला बतूलना सगळं सांगितलं. त्यांनी पहिल्यांदा खुर्ची वळवून भिंतीकडे तोंड केलं. म्हणाल्या, थामी गेल्यावर आठव्या दिवशी मी चुना मागवला. मी थापत होते तेव्हा तो आतून माझं नाव घेत होता. बतूल, हात दे. मला कळलं नाही पोरी, तो थामी होता की दुसरं काही. अजून कळलेलं नाही. मी थापत राहिले. शेजारणीनं विचारलं तर सांगितलं, भिंतीला ओल आली आहे. चाळीस वर्षं मी त्या भिंतीकडे बघितलं नाही, म्हणाल्या, आणि चाळीस वर्षं माझ्या मनात तेच, तो थामी असला तर.

तुझं बरं आहे, म्हणाल्या. तुला माहीत आहे की तो तुझा नाही.

चुना आहे घरात. कालवायला घेतोय.

२३ ऑक्टोबर, दुपार

भिंत झाकली. कोपरा झाकला. मधला तुकडा फोडून टाकला. लाल्लांचा पाय दुखतोय तरी त्या बादल्या देत होत्या. पोकळी दगडांनी भरत आणली. वीतभर राहिली आहे. लाल्ला आत पाणी आणायला गेल्या आहेत. अजान झाली.

बोलला.

यम्मा म्हणाला. आवाज फुटायला लागला होता ना त्याचा त्या उन्हाळ्यात, तो — मधेच बारीक होणारा, आणि मग तो लाजायचा — तसाच.

म्हणाला गार वाजतंय.

तो नाही. तो सेब्त्याला आहे. चार आणि सात. मला माहीत आहे. मला सगळं माहीत आहे.

थापी हातात आहे. एक थर बाकी. लाल्ला कशा थापत राहिल्या. कशा —

म्हणाला, यम्मा, मी गादी घडी केली होती, बघितलीस का.

अब्दस्सलाम, ही वही तुला सापडली तर. तू एकटा जा त्याच्याकडे. तिथे खरा आहे तो. त्याला सांग, तारा छान होता, मी उगाच चिडले. तो कागद चुलीत टाकायला नको होता. या घरात थांबू नकोस. भिंतीत माझा हात दिसला तर तो माझा नाही, मला शोधू नको, लाल्लांना सांग चुना —

हात आलाय बाहेर. लहान झालाय. माझ्या हातात पूर्ण मावतो, पाचव्या वर्षी मावायचा तसा. इतका गार.

मी डाव्या हातानं धरलाय. थोडा उबेला आला की सोडेन. उजव्यानं लिहितेय.

उबेला येत नाहीये.

लाल्ला हाक मारताहेत मागून. तो सोडत नाही. मीही सोडत ना